पायलटच्या क्लास वन मेडिकलला ईसीजीत काहीतरी निघालंय? मग आधी हे वाचा

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन आला, गावाकडच्या ओळखीतल्या एका मुलाच्या आईचा. पोरगा बारावी सायन्स झालेला, पायलट व्हायचंय म्हणून क्लास टूच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या मेडिकलला गेला आणि ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात मशीनने छापलं, 'अ‍ॅबनॉर्मल ईसीजी'. तेवढे दोन शब्द वाचून त्या घरात संध्याकाळची चूल पेटली नव्हती. काकू विचारत होत्या, बाळाच्या हृदयाला काय झालंय रे, परवापर्यंत तर तालुक्याच्या कबड्डीत खेळत होता. मी म्हटलं काकू, आधी त्या कागदाचा नीट फोटो पाठवा, आणि तोपर्यंत काहीही ठरवू नका.

हा फोन मला नवीन नाही. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी येतोच, कधी बारामतीला ट्रेनिंग करणाऱ्या पोरांचा, कधी गोंदियावरून, कधी चाळिशी ओलांडलेल्या कॅप्टनचा. मी डॉक्टर नाही, एअरलाइनमध्ये विमान उडवतो, पण स्वतः या चक्रातून गेलोय आणि त्यात जे शिकलो ते तेव्हा कुणी मराठीत सांगितलं असतं तर माझ्या आईबाबांचे दोन महिने तरी वाचले असते. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो. उपचार काय करायचे ते तुमचे कार्डिओलॉजिस्टच सांगणार, इथे फक्त त्या कागदाशी कसं वागायचं ते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकतो. मेडिकलच्या ईसीजीत काही निघालं की डॉक्टर तुम्हाला एक प्रश्न विचारत असतात. त्या प्रश्नाचं उत्तर तपासण्यांच्या कागदांनी द्यायचं असतं, रडून नाही, ओळखी लावून नाही आणि लपवून तर अजिबात नाही. ज्यांनी उत्तर नीट दिलं त्यातले बहुतेक जण आज उडवतायत.

एवढं कडक का असतं

पुष्कळ जण चिडतात की मी ठणठणीत आहे, दहा किलोमीटर पळतो, मग एका रेघेवरून अडवतात कसे. तर त्यामागचं कारण समजून घ्या, राग निम्मा कमी होतो. १८ जून १९७२ ला लंडनजवळ स्टेन्स इथे एक ट्रायडंट विमान हीथ्रोवरून उडाल्यावर अडीच-तीन मिनिटांत पडलं, ११८ माणसं गेली. कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झालेल्या सापडल्या. अपघाताला बाकी कारणंही होती, पण उड्डाणाच्या सुमारास त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला असावा असं चौकशीत पुढे आलं. आणि त्यांचे नेहमीच्या मेडिकलचे ईसीजी नॉर्मल होते.

पुढे हृदयाच्या बाबतीत जगभर एक हिशेब रूढ झाला, त्याला एक टक्क्याचा नियम म्हणतात. म्हणजे येत्या वर्षभरात या पायलटला उडवताना अचानक काही होऊन तो निकामी होण्याची शक्यता साधारण एक टक्क्यापेक्षा कमी असेल तर दोन पायलटच्या विमानात त्याला उडवू द्यायला हरकत नाही. डॉक्टर तुमच्याकडे बघताना तुम्ही आज आजारी आहात का एवढंच बघत नाहीत, तर पुढच्या वर्षभरात तुम्ही कॉकपिटमध्ये कोसळण्याची शक्यता किती हे बघतात. दवाखान्यातला डॉक्टर "काही नाही हो, बिनधास्त जा" म्हणतो आणि मेडिकलवाले तरी तपासण्या मागतात, याचं कारण हेच. दोघं आपापल्या जागी बरोबर असतात.

फी भरायच्या आधी मेडिकल

हे वाक्य मी हात जोडून लिहितोय. क्लास टू झाली की फ्लाइंग स्कूलला पैसे भरायच्या आधी क्लास वनची, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणाऱ्या मेडिकलची अपॉइंटमेंट घ्या. पहिली क्लास वन पूर्वी फक्त एअर फोर्सच्याच सेंटरला व्हायची, बंगळुरूचं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन, दिल्लीचं सुब्रतो पार्कमधलं सेंटर वगैरे, आता डीजीसीए या भारतातल्या विमान नियामकाच्या यादीत खासगी सेंटरंही आली आहेत. कुठेही करा पण आधी करा. जमीन गहाण ठेवून, शिक्षणाचं कर्ज काढून फी भरली आणि मग क्लास वनला हृदयाचा प्रश्न निघाला अशी घरं मी पाहिली आहेत. त्या मुलांचं पुढे बरं झालं, पण मधल्या काळात बँकेचे हप्ते आणि घरातली शांतता यांनी जीव नकोसा होतो.

आणि जमलं तर मेडिकलच्या महिनाभर आधी आपल्या गावातच एक साधा ईसीजी काढून चांगल्या एमडी डॉक्टरला दाखवा. दोन-चारशे रुपयांचं काम आहे. काही निघालंच तर उत्तर शोधायला हातात वेळ असतो.

आदल्या दोन-तीन दिवसांत

झोप, झोप आणि झोप. अपुऱ्या झोपेवर आणि चार कप चहा-कॉफीवर हृदय मधूनच एखादा जादा ठोका टाकतं, तो नेमका त्या दहा सेकंदांच्या कागदावर आला की तुमचा पुढचा महिना त्याच्या मागे जातो. हो, साधा ईसीजी साधारण दहा सेकंदांचाच असतो. जिमवाल्यांनी ती प्री वर्कआउटची पावडर आठवडाभर बंद करावी, त्यात कॅफीन भरपूर असतं. दारू पूर्ण बंद. सर्दी झाली असेल तर नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या नाडी आणि बीपी वाढवतात, काही अँटिबायोटिक ईसीजीतला क्यूटी, म्हणजे ठोका पडून हृदय पुढच्यासाठी तयार व्हायचा काळ, लांबवतात, अझिथ्रोमायसिन त्यातलंच, तेव्हा जे काही घेतलंय ते फॉर्मवर लिहा. ताप असेल तर सरळ तारीख पुढे ढकला. आदल्या दिवशी जिममध्ये जीव काढू नका आणि मेडिकलच्या सकाळी पळायला तर जाऊच नका.

एक गोष्ट अजिबात करायची नाही. नाडी हळू व्हावी म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून प्रोप्रानोलॉलसारखी गोळी घेऊन जायचं नाही. होस्टेलवर असा सल्ला देणारे भेटतात. दम्याच्या माणसाला ती गोळी जिवावर बेतू शकते, आणि औषध लपवून मेडिकल देणं म्हणजे फॉर्मवर खोटं लिहून सही करणं.

टेबलावर झोपल्यावर

आता माझी गोष्ट सांगतो. माझी क्लास टू एका लहानशा क्लिनिकमध्ये झाली, नाव सांगत नाही, तिथल्या मुलीची सकाळपासून रांग चालू होती, ती घाईत होती. तिने छातीवरचे पहिले दोन रबरी गोळे गळपट्टीच्या हाडाखाली दोन बोटांवर लावले. मला काय कळतंय, मी छताकडे बघत पडलो. कागद आला त्यावर छापलेलं, 'इनकम्प्लीट आरबीबीबी, सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटर्मिन्ड'. इन्फार्क्ट म्हणजे हार्ट अटॅक, एवढं बाबांना ठाऊक होतं. एकोणीस वर्षांच्या पोराला कधी अटॅक येऊन गेला या विचाराने ते क्लिनिकच्या बाकावरच बसले, त्यांच्या हातातली पाण्याची बाटली थरथरत होती ते मला आजही दिसतं.

आठवड्याने कोल्हापुरात एका ज्येष्ठ कार्डिओलॉजिस्टनी कागद हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वरचे दोन कुठे लावले होते?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी काही न बोलता स्वतः बरगड्या मोजल्या, तेच गोळे दोन बरगड्या खाली लावले, पुन्हा काढला, आणि दोन्ही कागद बाबांच्या पुढ्यात शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्यावर 'नॉर्मल'. त्यांनी मला तेव्हा जागा कशी मोजायची ते शिकवलं, तेच तुम्हाला देतो.

गळ्याच्या खळग्यातून बोट सरळ खाली आणा, दोन-तीन बोटं खाली छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. तिथून बाजूला सरकलं की दुसरी बरगडी. तिच्या खालची फट ही दुसरी, मग मोजत चौथ्या फटीत या. छातीवरच्या सहा गोळ्यांना व्ही वन ते व्ही सिक्स म्हणतात. व्ही वन हाडाच्या उजव्या कडेला चौथ्या फटीत, व्ही टू डाव्या कडेला तिथेच. व्ही फोर पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही थ्री हा टू आणि फोरच्या मधोमध, व्ही फाइव्ह आणि सिक्स व्ही फोरच्याच पातळीत बाजूला, सिक्स बरोबर काखेच्या मधल्या रेषेत. पहिले दोन वर लागले की माझ्यासारखं होतं, अगदी ब्रुगाडा या ठोक्यांच्या जन्मजात आजारासारखा भीतीदायक आकारसुद्धा दिसू शकतो.

टेक्निशियनला "ताई, जरा चौथी फट मोजून लावता का" असं नम्रपणे म्हणायला लाजू नका. छातीवर केस दाट असतील तर आदल्या दिवशी त्या जागा साफ करून जा, तेल-लोशन लावू नका. मोबाईल-घड्याळ बाजूला ठेवा, हात सैल, दाताखाली दात नको, खोली गार असेल तर पांघरूण मागा कारण कुडकुडलं की रेघ खडबडीत येते. आणि धापा टाकू नका. घाबरून भराभर श्वास घेतल्याने काहींच्या टी वेव्ह, म्हणजे ठोक्यानंतरच्या छोट्या लाटा, खरोखर उलट्या होतात. आत जायच्या आधी दहा मिनिटं शांत बसा.

हातांच्या वायरी उलटसुलट लागणं हे तर फारच होतं. कागदावर लीड वन नावाची रेघ पूर्ण उलटी आणि एव्हीआर नावाची रेघ सरळ दिसली तर आधी वायरीचा संशय घ्यायचा, तिथेच पुन्हा काढून मागा. सेंटर सोडल्यावर हे सिद्ध करत बसायला फार वेळ जातो.

कागद हातात आल्यावर

पहिलं काम, त्या मूळ रेघांच्या कागदाची प्रत मिळवा. नुसता रिपोर्ट नको. जगातला कुठलाही हृदयरोगतज्ज्ञ रेघ बघितल्याशिवाय बोलणार नाही.

मशीन कोपऱ्यात जे छापतं ते संगणकाचं मत. ते संगणक मुद्दाम जास्त ओरडेल असंच बनवलेलं असतं, काही सुटू नये म्हणून. शेवटचा शब्द माणसाचा. तरी आकडे वाचता आले तर तुमचीच भीती कमी होते. वेग २५ मिलिमीटर दर सेकंदाला असेल तर एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद, मोठा चौकोन २००. पीआर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोचायचा वेळ) साधारण १२० ते २००, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत वीज पसरायचा वेळ) १२० च्या आत, क्यूटीसी (नाडीनुसार दुरुस्त केलेला क्यूटी) पुरुषांत साधारण ४५० आणि बायकांत ४६० पर्यंत.

आता काय निघालं तर किती घाबरायचं. इथे मी थोडं सविस्तर लिहितो कारण फोन यासाठीच येतात.

नाडी मिनिटाला ४५-५० आली आणि तुम्ही पळणारे-खेळणारे असाल, तर ते कमावलेलं हृदय आहे. साइनस अ‍ॅरिथमिया लिहिलं असेल तर नावाला घाबरू नका, तरुणपणी श्वास आत घेताना नाडी थोडी पळते आणि सोडताना मंदावते, मनगटावर बोट ठेवून आत्ता करून बघा, कळेल. इनकम्प्लीट आरबीबीबी (हृदयाच्या उजवीकडच्या विजेच्या वाटेतला अर्धवट अडथळा), अर्ली रिपोलरायझेशन, नुसत्या व्होल्टेजवर लिहिलेलं एलव्हीएच (डावा कप्पा जाड असल्याचा संशय), हे तिन्ही सडपातळ तरुण पोरांत भरपूर दिसतं. बऱ्याचदा एका इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, विषय संपतो.

पीआर २०० च्या वर म्हणजे फर्स्ट डिग्री ब्लॉक. २२०-२३० वाल्या पोराला डॉक्टर जिना चढून यायला सांगतात किंवा टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर पळवत ईसीजी, करतात, नाडी वाढली की पीआर आखडतो, तसा आखडला तर बहुतेक वेळा ही नुसती नाडी मंदावणाऱ्या व्हेगस नर्व्हची करामत. अमेरिकेचा विमान नियामक एफएएने तर ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या डॉक्टरांसाठीची मर्यादा ३०० पर्यंत वाढवली, म्हणजे बाकी काही त्रास नसेल तर तेवढ्यापर्यंत नॉर्मल धरायचं. तिकडे लायसन घेणाऱ्या आपल्या मराठी पोरांना हे उपयोगी, पण भारतात तो नियम दाखवून भांडू नका, इथे डीजीसीएचा निकष चालतो.

पूर्ण आरबीबीबी असेल तर तपासण्या होणारच, इको, होल्टर (दिवसभर चालणारा ईसीजी), टीएमटी, आणि तिन्ही साफ असतील तर सहसा मार्ग निघतो. एलबीबीबी, म्हणजे तसाच अडथळा डावीकडे, मात्र वेगळी गोष्ट, त्यामागे हृदयाच्या स्नायूचं किंवा रक्तवाहिन्यांचं काही नाही ना ते खोदून बघतात, सीटी अँजिओपर्यंत जातं. जादा ठोके म्हणजे व्हीपीसी एखाद-दुसरी दिसली तर होल्टर लावून मोजतात. लक्षात घ्या, हृदयाचे ठोके दिवसाला साधारण एक लाख वेळा पडतात, त्यात पाच-पन्नास जादा पडले तर तो आकडा काहीच नाही, हजारोंनी असतील किंवा एकापाठोपाठ येत असतील तर गंभीरपणे घ्यायचं. सोबत थायरॉइड, पोटॅशियम, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. माझ्या एका सिनियर कॅप्टनच्या जादा ठोक्यांचं कारण थायरॉइड निघालं, औषधाने ठोके गेले आणि काही महिन्यांनी ते परत उडवायला लागले.

टी वेव्ह व्ही वनमध्ये उलटी असली तर ते नॉर्मल, मुलींमध्ये आणि लहान वयात व्ही थ्रीपर्यंतही दिसते. पण व्ही फाइव्ह, व्ही सिक्समध्ये उलटी असेल तर "पोरगा खेळतो म्हणून असेल" असं म्हणून सोडू नका. हृदयाच्या स्नायूच्या काही आजारांची पहिली खूण तीच असते, कधीकधी इको नॉर्मल असूनही. तिथे एमआरआय सांगितला तर करा.

आणि मग डब्ल्यूपीडब्ल्यू. हजारात एक ते तीन माणसांत असतं. हृदयात जन्मतःच विजेची एक जादा वाट असते, कागदावर पीआर आखूड आणि क्यूआरएसच्या सुरुवातीला एक तिरकी चढण दिसते, तिला डेल्टा म्हणतात. पुष्कळांना आयुष्यभर पत्ता नसतो. माझ्या बॅचमधल्या एकाला क्लास वनलाच कळलं. तो इतका खचला की दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. मग ईपी स्टडी, म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटांची तपासणी झाली, जांघेतून तार घालून ती जादा वाट जाळली, अ‍ॅब्लेशन म्हणतात, नेहमीच्या प्रकारांत यश ९५ टक्क्यांच्या आसपास असतं. मग ठरलेला काळ थांबणं, पुन्हा होल्टर, पुन्हा टीएमटी. वर्ष गेलं त्यात. आज तो एटीआर हे प्रवासी विमान उडवतो. मेडिकलमध्ये सापडलं नसतं तर कधीतरी नाडी दोनशेच्या वर जाऊन हवेतच कळलं असतं.

लांब क्यूटी, ब्रुगाडाचा टाइप वन, एट्रियल फिब्रिलेशन, मोबिट्झ टू, हे शब्द कागदावर असतील तर मेडिकलचं नंतर बघू, आधी हृदयाच्या ठोक्यांचे तज्ज्ञ, इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट गाठा. आणि घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, झोपेत, पोहताना, मैदानावर, तर ते आठवून डॉक्टरांना सांगाच. आपल्याकडे "काहीतरी झालं आणि गेला" एवढंच बोललं जातं, तेव्हा आजीला, आत्याला नीट बसवून विचारा.

तपासण्या करताना

इको करायला जाल तेव्हा "पायलट मेडिकलसाठी आहे" असं आधी सांगा आणि रिपोर्टवर ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त पुढे ढकलतं), भिंतींची जाडी मिलिमीटरमध्ये आणि चारही व्हॉल्व्हबद्दल स्पष्ट लिहून घ्या. 'नॉर्मल स्टडी' एवढ्या दोन शब्दांवर मेडिकलवाल्यांचं समाधान होत नाही.

होल्टर २४ तास छातीवर असतं. त्या दिवशी घरी पडून राहू नका, रोजचं सगळं करा, जिने चढा, फिरा, फक्त अंघोळ नको. सोबत डायरी देतात तीत छातीत धडधडलं, चक्कर आली, काय वेळेला, ते लिहा. धडधडलं त्या मिनिटाला रेघ नॉर्मल निघाली तर ती तुमच्या बाजूची साक्ष.

टीएमटीला पोट जड नको, जेवून दोन-तीन तास झालेले असावेत, पायात बूट हवेत, चपलेवर येणारे फार असतात. ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्टा वेगही वाढवतो आणि चढही. २२० वजा वय हा कमाल नाडीचा ढोबळ हिशेब, त्याच्या ८५ टक्क्यांवर बरेच ठिकाणी थांबवतात. दम असेल तर डॉक्टरांना विचारून पुढे पळा, जास्त मिनिटं म्हणजे जास्त पुरावा. महिनाभर आधीपासून भरभर चालायची सवय ठेवा. बायकांमध्ये आणि तरुणांमध्ये टीएमटी खोटी पॉझिटिव्ह येते बऱ्याचदा, तेव्हा तो शब्द दिसला म्हणून सगळं संपलं असं धरू नका, पुढे स्ट्रेस इको किंवा सीटी अँजिओने खरं-खोटं होतं. सगळ्या टप्प्यांच्या प्रिंट मागून घ्या.

तात्पुरतं अनफिट आलं तर

हा शिक्का बघून डोळ्यापुढे अंधारी येते, मला माहितीये. पण त्यातला पहिला शब्द 'तात्पुरतं' हा आहे. कोणत्या कारणासाठी, किती काळासाठी, पुढे कुठे आणि कोणत्या तपासण्यांसह यायचं हे शब्दशः वाचा. समजलं नाही तर तिथेच विचारा. रिव्ह्यूची किंवा अपिलाची मुदत असते, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

मग एकच कार्डिओलॉजिस्ट धरा, शक्यतो ज्यांनी आधी पायलटच्या केसेस बघितल्यात. पाच डॉक्टरांची पाच मतं गोळा करून फाईल फुगवू नका. त्यांच्याकडून पत्र घ्या, त्यात निदान, झालेल्या तपासण्या तारखांसह, चालू औषधं असतील तर डोस, आणि येत्या वर्षात अचानक चक्कर-बेशुद्धी-अटॅकचा धोका त्यांच्या मते किती, हे लिहिलेलं हवं. 'फिट टु फ्लाय' एवढंच पत्र फार उपयोगाचं नाही, फिट की अनफिट ते ठरवणं मेडिकल बोर्डाचं काम, त्यांना तुमच्या डॉक्टरकडून माहिती हवी असते.

दुसऱ्या सेंटरला जाऊन आधीचं काही न सांगता नव्याने मेडिकल द्यायचं डोक्यात येतं. नका करू. तुमचा मेडिकल रेकॉर्ड डीजीसीएकडे एकाच नंबरखाली असतो, आधीचा अनफिट सापडतोच. हृदयाच्या प्रश्नातून बाहेर पडता येतं, खोट्या सहीतून बाहेर पडणं फार अवघड. शिवाय तुमच्या मागे दीडशे-पावणेदोनशे माणसं बसणार असतात.

नोकरीत असाल तर कंपनीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा आणि लॉस ऑफ लायसन्सचा विमा असेल तर पॉलिसीतली कळवायची मुदत वाचा. छातीत धडधडतंय, चक्कर येतीये असं काही वाटत असेल तर मेडिकल व्हॅलिड असलं तरी उडायचं नाही, आधी तपासायचं.

चाळिशीच्या पुढच्या माझ्या सहकाऱ्यांसाठी थोडंसं. आयकाओ या जागतिक विमान वाहतूक संघटनेच्या मानकांत क्लास वनला पहिल्या मेडिकलला ईसीजी, मग तीस ते पन्नास वयात निदान दोन वर्षांतून एकदा आणि पन्नाशीनंतर दरवर्षी, असं आहे. अमेरिकेत फर्स्ट क्लासला पस्तिशीनंतरच्या पहिल्या मेडिकलला आणि चाळिशीनंतर दरवर्षी. या वयात डॉक्टर रेघेपेक्षा रेघेतला बदल बघतात. दहा वर्षं तीच असलेली आरबीबीबी एक गोष्ट, आणि गेल्या वर्षी नव्हती ती यंदा आली ही दुसरी. म्हणूनच जुना ईसीजी हा तुमचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार आहे, मेडिकलला जाताना तो सोबत पाहिजेच.

आणि तो जपायचा कसा तेही सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. ईसीजीचा कागद बहुतेक वेळा थर्मल असतो, दुकानाच्या बिलासारखा, दोन-तीन वर्षांत रेघ पुसट होत जाते. लॅमिनेट करायला दिलात तर उष्णतेने सगळा कागद काळा पडेल, एका मित्राचा अख्खा मूळ पुरावा असा गेला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये किंवा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी झेरॉक्स काढा, सपाट टेबलावर ठेवून स्कॅन करा, बारीक चौकोन स्पष्ट दिसले पाहिजेत, आणि फाईलच्या नावात तारीख टाका. माझे दोन कागद, गळपट्टीखाली लावलेला आणि चौथ्या फटीत लावलेला, असेच एका झेरॉक्सवर शेजारी शेजारी आहेत. मूळ कागद कधीच पांढरे झाले. दर मेडिकलला ती झेरॉक्स फाईलमध्ये वर ठेवून जातो.

त्या काकूंच्या मुलाच्या कागदावर लीड वन पूर्ण उलटी होती. परवा तालुक्याच्या ठिकाणी त्याने पुन्हा काढला, वायरी बघून. आता रेघा सरळ आहेत, तरी मी त्याला इको करून घे म्हटलंय आणि दोन्ही कागदांची झेरॉक्सही.